साळुंखे विरुद्ध साळुंकी

शेजारच्या गोरेकाकांनी एकदा कुंपणावरून विचारलं, "हा तुमच्या देशातला पक्षी. तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?" मी खरं ते सांगून टाकलं. साळुंकी. काकांनी आधी पन्हळीवरच्या पाखराकडं पाहिलं, मग आमच्या टपालपेटीवरच्या पाटीकडं. पाटीवर इंग्रजीत साळुंखे असं लिहिलंय. क आणि ख यांत किती पिढ्यांचं अंतर आहे ते मराठी माणसाला कळतं. इंग्रजीत ते फक्त एका एचचं असतं, आणि तो एच कुणी उच्चारत नाही. काका म्हणाले, "अच्छा. म्हणजे नात्यातला आहे."

आमचे आजोबा सांगायचे, आपलं आडनाव चालुक्यांवरून आलंय, आपण राज्य केलेली माणसं. कॅनबेरात ती गादी आता एका तपकिरी पाखराच्या नावावर झाली आहे.

गोरेकाका हे अर्थातच काकांचं खरं नाव नव्हे. ते आईनं ठेवलेलं. तिला त्यांचं नाव उच्चारता येईना, रंग दिसत होता, आणि कराडात आमच्या गल्लीत गोरे आडनावाचे एक पोस्टमास्तर होतेच. काकांना वाटतं तो काहीतरी आदराचा शब्द असावा. आहेच.

तर प्रकरण सुरू झालं गेल्या ऑगस्टात, म्हणजे इकडच्या थंडीच्या शेवटी. साळुंक्यांचं एक जोडपं आमचं घर पाहायला आलं. नवरा पन्हळीवर, बायको वळचणीच्या फटीत. मग बायको पन्हळीवर, नवरा फटीत. मग कपडे वाळत घालायच्या दांडीवर बसून दोघांची माना वरखाली करत चर्चा. हेच घर विकत घेताना आम्ही नवराबायकोनं एजंटासमोर इतकी चर्चा केली नव्हती. तिसऱ्या दिवशी सामान यायला लागलं. काटक्या, निलगिरीची साल, चिप्सच्या पुड्याचा चंदेरी तुकडा, मुलीचा केसांचा रबर आणि सुपरमार्केटची एक पावती. पावती कशाला, ते मला बरेच दिवस कळलं नाही. पत्त्याचा पुरावा असावा.

आणि आवाज! साळुंकीला मंजुळ म्हणणारा माणूस पहाटे साडेपाचला तिच्याखाली झोपलेला नसतो. आधी घसा खाकरल्यासारखं, मग बिनतेलाचं दार उघडल्यासारखं, मग दोन शिट्ट्या, मग पुन्हा दार. गाडीच्या काचेवर रोज ताजा सडा. आमच्या बोक्याचा इथं काही उपयोग नाही. 1 जुलै 2022 नंतर जन्मलेल्या मांजरांना कॅनबेरात मोकाट सोडायला कायद्यानं मनाई आहे, आणि आमचा बोका 2023 चा. म्हणून त्याला जाळी लावलेला एक व्हरांडा करून दिला. कन्या व्हरांड्याचं दार उघडं टाकून शाळेत जाते, साळुंक्या चालत आत येतात, बोक्याच्या ताटलीतली बिस्किटं खातात, आणि बोका एक डोळा उघडून पाहतो. हळूच पाऊल टाकत येणं, चोरून उडणं असलं काही नाही. सासरेबुवा पंगतीत येतात तसं येतात.

"फट बुजव," गोरेकाका म्हणाले. "आजच. एकदा आत राहिले की जात नाहीत." आम्हाला हे त्यांनी सांगायला नको होतं. कूळ लागलं म्हणजे काय, हे आजोबांच्या तीन एकरांवरून आम्ही चांगलं जाणतो. पण मराठी माणूस शिडी आणायला शनिवार पाहतो, आणि त्या शनिवारी पाऊस आला.

या पाखराची इथली कुंडली काकांनीच मला मांडून दाखवली. ती ऐकताना माझी मान हळूहळू खाली जात होती. हिंदुस्थानातली साळुंकी पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात सोडली ती मेलबर्नमध्ये, 1862 च्या सुमाराला. भाजीच्या मळ्यांतली कीड खाईल म्हणून. त्यासाठी साहेबानं रीतसर मंडळी जमवली होती. परदेशातले प्राणी-पक्षी आणून इथं रुजवायचे, हाच त्या मंडळींचा उद्योग. मग 1883 मध्ये क्वीन्सलंडच्या उसात. साळुंकीचं शास्त्रीय नावच 'टोळ मारणारी' अशा अर्थाचं आहे, त्यामुळं अर्जावरची पात्रता भक्कम होती. नावाचा दुसरा भाग मात्र 'ट्रिस्टिस', म्हणजे दुःखी. लिनियसनं हे नाव 1766 मध्ये ठेवलं, आणि ठेवताना तिला स्वर्गीय पक्ष्यांच्या कुळात बसवलं होतं. त्यानं जिवंत साळुंकी पाहिली नसणार. कुळही चुकलं, आणि दुःखी तर ती कधीच नसते.

उसातली कीड काही संपली नाही. मग त्याच किडीसाठी 1935 मध्ये हवाईहून बेडूक आणले. तो केन टोड आज अर्ध्या खंडाच्या डोक्यावर बसला आहे आणि कीड होती तिथंच आहे. हे सगळं मी नंतर आईला सांगितलं. आमचं घर उसाचं. आई म्हणाली, "कसली कीड?" मी म्हणालो, भुंगा असतो, त्याची अळी मुळं खाते. "म्हंजी हुमणी. आरं, हुमणीला पाखरू काय करतंय? अळी जमिनीत आन् पाखरू वर. वळीव पडला की रात्री लिंबावर, बाभळीवर भुंगं बसत्यात, ती फांदी हलवून गोळा करायची आन् राकेलच्या पाण्यात टाकायची. कुनाला तरी इचारायचं हुतं."

खरंच कुणी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर इतकी बंदरं साळुंकीला पाहायला मिळाली नसती. मॉरिशसला ती 1762 मध्येच पोचली, टोळ खायला. उसाच्या मळ्यांत राबायला कोकणातली माणसं तिथं गेली ती पुढच्या शतकात. म्हणजे परदेशी जाऊन स्थायिक होणाऱ्यांत आपल्याकडची पहिली ही. तिचं मंडळ निघालं नाही, गणपती बसला नाही, एवढंच.

आता तिचं नाव जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जिवांच्या यादीत आहे. यादी आंतरराष्ट्रीय आहे, 2000 सालची, आणि शंभरांत पक्षी फक्त तीन. त्यांतला दुसरा आपला लालबुड्या बुलबुल. (दोन आपल्याकडचे! ऑलिंपिकमध्ये आपल्याला असं प्रमाण कधी साधलेलं नाही.) 2005 मध्ये इथल्या सरकारी प्रसारण संस्थेनं लोकांकडून मतं मागवली, देशातला सर्वांत त्रासदायक उपरा कोण? लोकांनी केन टोडला मागं टाकून साळुंकीला निवडून दिलं. कॅनबेरात तर ती आपसूक आलीच नव्हती. 1968 ते 1971 या काळात फॉरेस्ट नावाच्या उच्चभ्रू वस्तीत 110 पक्षी कुणीतरी मुद्दाम सोडले. एकशेदहा! आमच्या गावात लग्नाला एवढी माणसं घरचीच असतात.

मी काकांना एवढंच म्हणालो, की आमच्याकडच्या कुणी अर्ज केला नव्हता, तुम्हीच बोलावलंत. काका म्हणाले, "खरंय." मग थोडं थांबून, "तूही तसाच आलास ना?" तेही खरंच. अकरा वर्षांपूर्वी या देशाला हिशेबनीस कमी पडत होते, त्या यादीतून मी आलो. माझ्यामुळं कुठली कीड कमी झाली हे अजून कुणी मोजलेलं नाही. गेल्या वर्षी नागरिक झालो. समारंभात शपथ झाली, राष्ट्रगीत झालं आणि हातात एका इथल्याच झाडाचं रोपटं दिलं. ते जगलं नाही. पण त्या दिवसापासून मलाही साळुंकीचा राग जरा जास्त यायला लागला, हे कबूल करतो.

आता, इथं जन्मलेले पक्षी काही संतांच्या मेळ्यातले नाहीत. सप्टेंबर आला की मॅगपाय सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालतात, कान रक्ताळतात. लोक हेल्मेटवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या उभ्या बांधून, साळिंदर होऊन ऑफिसला जातात. मॅगपायला चेहरा लक्षात राहतो, त्यामुळं एकदा वैर पडलं की दरवर्षी पडतं. पांढरा काकाकुवा लाकडी खिडक्या कुरतडतो, भूक म्हणून नव्हे, हौस म्हणून. आणि एक आहे नॉइझी मायनर. राखाडी अंग, पिवळी चोच, पिवळे पाय, डोळ्यामागं पिवळा ठिपका. लांबून पाहिलं तर साळुंकीचा मावसभाऊ. टोळीनं राहतो आणि छोट्या पक्ष्यांना परसात टिकू देत नाही. पण तो जन्मानं इथला. त्याला हात लावला तर दंड. दोघांची नावं इंग्रजीत ऐकायला सारखीच, कामं सारखीच, पासपोर्ट वेगळे.

काकांचा राग मात्र पासपोर्टवरचा नव्हता, हे मला उशिरा कळलं. त्यांच्या परसात जुनी निलगिरी आहे, आणि तिच्यावर त्यांनी स्वतः केलेली एक लाकडी पेटी टांगली आहे. रोझेला म्हणून लाल-निळे-पिवळे पोपट असतात, त्यांच्यासाठी. हे पोपट ढोलीत घरटं करतात, आणि निलगिरीला ढोली पडायला शंभर-शंभर वर्षं लागतात. शहर वाढलं, जुनी झाडं गेली, ढोल्यांची टंचाई झाली. दोन वर्षं पेटीत रोझेला येऊन बसल्या आणि दोन्ही वर्षं साळुंक्यांनी त्यांना हुसकून पेटी काटक्या-प्लॅस्टिकनं गच्च भरून टाकली. स्वतः राहायलाच, असंही नाही. मुंबईत फ्लॅट घेऊन कुलूप लावून ठेवतात तसं. इथल्या पक्षीनिरीक्षकांनी 1981 पासून परसातल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या आहेत. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या अभ्यासकांनी त्या तपासल्या, तेव्हा साळुंकी वाढली तसे ढोलीत राहणारे काही पक्षी कमी झालेले दिसले. म्हणजे काका उगाच ओरडत नव्हते. 2006 मध्ये इथं साळुंकीविरुद्ध चक्क एक कृती गट निघाला, आणि निवृत्त माणसाला गट मिळाला की काय होतं ते आपण सोसायटीत पाहतोच.

अशा तापलेल्या वातावरणात सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई आली.

विमानतळावरच तिची चकमक झाली होती. पिशवीत मूठभर हुलगे होते, परसात टोकायला आणलेले. ते काढून घेतले. परकं बी इथं रुजलं तर आवरत नाही, असं दुभाष्यानं तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन मागच्या दारात आली, पन्हळीकडं पाहिलं आणि म्हणाली, "माझं हुलगं धरलं, आन् हिला कुनी सोडली?"

त्यानंतर मात्र ती खूश. इतक्या लांब येऊन ओळखीचं तोंड दिसलं, म्हणाली. पोळीचा पहिला तुकडा रोज कुंपणावर जायला लागला. मी समजावलं. आई, खायला घालायचं नाही, त्यानंच त्या वाढतात. इथल्या देशी पक्ष्यांना त्रास होतो.

"देशी? मग ही काय इलायती हाय?"

हा प्रश्न मी भाषांतर करून काकांना विचारणार होतो, पण धीर झाला नाही.

मग पितृपक्ष आला. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची तिथी. आईनं खीर केली, वडे केले, अळू मिळालं नाही म्हणून पालकाचं फदफदं केलं, आणि पान वाढून मला म्हणाली, ठेव कुंपणाच्या खांबावर. मी डोक्यावर पान सावरत बाहेर पडलो आणि वरून मॅगपाय आला. सप्टेंबर! माझ्या लक्षात नव्हतं, त्याच्या होतं. वडा उडाला, मी बसलो, पान कसंबसं खांबावर टेकलं. मग आम्ही कावळ्याची वाट पाहत राहिलो. कावळा होता. समोर दिव्याच्या खांबावर चांगला डोमकावळ्याएवढा बसला होता आणि इथल्या कावळ्यांच्या रीतीप्रमाणं लांब सूर ओढून, तान्हं पोर रडावं तसा रडत होता. आई हात जोडून "काव काव" म्हणाली. कन्याही म्हणाली. मी मनातल्या मनात दादांना सगळं कबूल केलं: घराचं कर्ज, तीन एकरांचं राहिलेलं वाटप, सगळं. कावळा हलला नाही.

पन्हळीवरून साळुंक्यांचं जोडपं खाली आलं. तुरुतुरु चालत, मान हलवत. नवऱ्यानं वडा फोडला, बायकोनं खीर पाहिली.

"शिवलं," आई म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

"अगं, कावळा लागतो."

"ह्या हितल्या कावळ्याला मराठी कळतंय का? तुझ्या बापाला वळखीचं मानूस सापडलं, त्येच्या हातनं आलं. झालं."

कुंपणापलीकडून गोरेकाका हे सगळं पाहत होते. वडे हे आमिष आहे असा त्यांचा समज झाला, आणि कल्पना चांगली आहे म्हणाले. दुसऱ्याच दिवशी ते सापळा घेऊन आले.

सापळा म्हणजे जाळीचा दोन खणांचा पिंजरा. निवृत्त पुरुषमंडळी सुतारकाम करायला जमतात, त्या शेडमध्ये बनवलेला. पहिल्या खणात खाणं, तिथून आत जायची वाट, बाहेर यायची नाही. आत गेलेल्या पक्ष्याला थोडं थांबवून घ्यायचं, कारण त्याला पाहून बाकीचे येतात. त्याला पाणी, खाणं, सावली दिलीच पाहिजे. त्याचे नियम आहेत. दिवसातून निदान दोनदा पाहायचं, चुकून दुसरा कुणी अडकला तर लगेच सोडायचं, आणि शेवटचं काम वेदना न होता झालं पाहिजे. शेवटचं काम मी करीन, काका म्हणाले. माझ्या चेहऱ्यावर बहुधा सुटका दिसली असावी.

पहिल्या दिवशी बोका अडकला. मांजराचीच बिस्किटं आमिष म्हणून ठेवल्यावर दुसरं काय होणार! दुसऱ्या दिवशी नॉइझी मायनर. त्याला काकांनी "सॉरी, मेट" म्हणून सन्मानानं सोडलं. तिसऱ्या दिवशी आमच्या पन्हळीवरचा नवरा.

पुढचे दोन दिवस घरात सुतक होतं. बायको छपरावरून हाका मारायची, तो आतून उत्तर द्यायचा, आई पिंजऱ्यापाशी पाट टाकून वाटाणे सोलायची. "सकाळ-संध्याकाळ खायाला, प्यायला पानी, वर सावली. जावयाचा थाट हाय," ती म्हणाली, पण आवाजात विनोद नव्हता. तिसऱ्या सकाळी पिंजऱ्याचं दार उघडं होतं.

"वाऱ्यानं उघडलं आसंल."

"आई, त्याला कडी आहे."

"मग वारा जोराचा आसंल."

काकांनी हवामान खात्याची रात्रीची नोंद काढून पाहिली. वारा जवळजवळ नव्हता. त्यांनी आईकडं पाहिलं, आईनं त्यांना वाटाणा-बटाट्याची भाजी दिली. विषय संपला.

सापळाही संपला. साळुंकी फार हुशार. दुसऱ्या पक्ष्याची ज्या जागी फजिती झालेली पाहते, त्या जागेपासून ती जपून राहते. न्यूकॅसलच्या विद्यापीठात यावर रीतसर प्रयोग झालेले आहेत. आमच्याकडं तो बिनखर्चात झाला. परिसरातल्या यच्चयावत साळुंक्या आता सापळ्याच्या छतावर बसत. आत एकही नाही.

नोव्हेंबरात मी शेवटी शिडी लावली. काकांनी खालून धरली होती. फटीत टॉर्च मारला तर काटक्या, चंदेरी तुकडा, केसांचा रबर, आणि मधोमध चार अंडी. स्वच्छ आकाशी निळी. खालून काका विचारत होते, "काही आहे का?"

"फार खोल आहे," मी म्हणालो. "दिसत नाही."

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आडनावातच घोटाळा आहे तुझ्या."

पिल्लं डिसेंबरच्या शेवटी उडाली. जानेवारीत मी फटीला जाळी ठोकली, बोक्याची ताटली घरात घेतली, कंपोस्टवर झाकण ठेवलं. खरं सांगायचं तर एवढं आधी केलं असतं तर सापळ्याची गरज पडली नसती. जोडपं दोन दिवस पन्हळीवर बसून जाळीकडं पाहत राहिलं आणि गेलं. यंदा रोझेलांच्या पेटीचं भोक काकांनी लहान करून ठेवलंय. त्या कामाला मी दोन रविवार गेलो, हे इथं मुद्दाम नोंदवतो.

आई फेब्रुवारीत परत गेली. जूनमध्ये तिचा फोन आला. घरामागं विजेच्या मीटरच्या पेटीत साळुंकीनं संसार थाटलाय, चार अंडी आहेत. रीडिंग घ्यायला माणूस आला होता, त्याला तिनं पेटी उघडू दिली नाही, चहा पाजून परत पाठवला. वीजवाल्यांनी दोन महिने सरासरीवर बिल पाठवलं, नेहमीच्या दीडपट. आईनं ते भरलं.